ब्रह्मगिरीच्या दगडाचे धाकटे भावंड

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या डोंगराजवळ सापडणारा काळ्या पाषाणाचा एखादा तुकडा उचलून भिंगाखाली धरला, तर त्यात टाचणीच्या डोक्याएवढ्या, कधी बोराएवढ्या पोकळ्या दिसतात. लाव्हारस थंड होताना त्यात अडकून राहिलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या या खुणा. पुढे त्यांत क्षारयुक्त पाणी झिरपले आणि पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक तयार झाले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशा स्फटिकांचे देखणे नमुने पाहायला मिळतात. याच जातीचा बुडबुडेदार काळा दगड येथून सुमारे ५ हजार किलोमीटरवर, मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांतून वेचून काढलेल्या ढिगांमध्ये पडलेला असतो. हे साम्य योगायोगाचे नाही.

पृथ्वीच्या पोटातून एके ठिकाणी सतत वर येणाऱ्या अतितप्त खडकाच्या झोताला भूशास्त्रज्ञ हॉटस्पॉट म्हणतात. निखारा जागच्या जागी ठेवून वरून पापड सरकवत नेला, तर पापडावर डागांची रांग उमटते. भारतीय भूपट्टाचे, म्हणजे भारताला पाठीवर घेऊन सरकणाऱ्या पृथ्वीच्या कवचाच्या तुकड्याचे, नेमके तसेच झाले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज मॉरिशसशेजारच्या रियुनियन बेटाखाली असलेल्या हॉटस्पॉटवर होता, आणि तेव्हा थरावर थर ओतल्या गेलेल्या लाव्हातून ब्रह्मगिरी, अंजनेरी आणि दख्खनच्या पठाराचा मोठा भाग घडला. भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव व चागोसखालची, आज समुद्रात बुडालेली ज्वालामुखींची रांग राहिली. पुढे समुद्रतळाची मोठी भेग या निखाऱ्यावरून सरकली, तो आफ्रिकी भूपट्टाखाली आला आणि सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस वर आले. रियुनियन त्याहून धाकटे असून तेथील पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी आजही वरचेवर उसळतो. आपल्या सह्याद्रीचे बालपण पाहायचे असेल तर ते तिथे दिसते.

मॉरिशसला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी पांढऱ्या वाळूसाठी जातात. ती वाळू बेटाच्या खडकाची नव्हे, भोवतालच्या प्रवाळांच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची असते. खडक पाहायचा तर ८१२ मीटर उंचीचा ‘ल पूस’ चढावा. या नावाचा अर्थच अंगठा असा आहे, आणि मनमाडजवळची हडबीची शेंडी रेल्वेच्या खिडकीतून पाहिलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटल्याशिवाय राहणार नाही. भोवतीचा खडक झिजून गेल्यावर उरलेले हे दोन अंगठे आहेत. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विननेही ल पूस चढला होता. मॉरिशसमधल्या शामारेलची सात रंगांची माती म्हणजेही कुजलेला बेसाल्टच, म्हणजे हाच लाव्हाचा काळा दगड. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांमुळे तिला तांबूस, जांभळट छटा आल्या. आपल्या घाटांत काळ्या थरांमध्ये दिसणारा तांबडा पट्टा असाच खडक कुजून तयार झालेला आहे.

दगड एक असला तरी जीवसृष्टी मात्र निराळी, कारण हे बेट कोणत्याही खंडाला कधी जोडलेले नव्हते. जे उडत किंवा वाहत पोहोचले, त्यांचेच वंश तेथे वाढले. कबुतराच्या कुळातला डोडो शिकारी प्राण्यांच्या अभावी उडणेच विसरला. १५९८ मध्ये डच उतरले, त्यांच्यामागून डुकरे आणि माकडे आली, आणि १६६२ नंतर डोडो दिसल्याची विश्वासार्ह नोंद नाही. आपल्या पेरूच्या बागांवर उतरणाऱ्या पोपटाचा जवळचा नातलग असलेला तेथील एको पोपट १९८०च्या दशकात जेमतेम दहा-वीस उरला होता, तर मॉरिशसची खरुची, म्हणजे छोटा ससाणा, १९७४ मध्ये रानात केवळ ४ होती. अंडी कृत्रिमरीत्या उबवून, ढोल्यांऐवजी पेट्या टांगून आणि पिल्लांना हाताने भरवून माणसांनी हे पक्षी परत आणले. एको पोपट आता ७५० च्या वर आहेत. मला या बेटाचे सर्वांत मोठे सौंदर्य या कामातच वाटते.

मॉरिशसच्या किनाऱ्यालगतच्या इल ओ एग्रेत या जेमतेम २६ हेक्टरच्या प्रवाळ बेटावर तर आणखी धाडसी प्रयोग झाला. तेथे आबनूस वाढतो. सिन्नरच्या विडी कामगारांना ठाऊक असलेल्या तेंदूच्या, म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या प्रजातीतलेच हे झाड. त्याची फळे खाऊन बिया पसरवणारी मूळची महाकाय कासवे माणसाने केव्हाच संपवली होती, त्यामुळे फळे झाडाखालीच पडून राहत. २००० सालापासून सेशेल्समधल्या अल्दाब्रा बेटाच्या जातीची कासवे त्यांच्या जागी तेथे आणली गेली. त्यांच्या पोटातून गेलेल्या बिया न खाल्लेल्या बियांपेक्षा चांगल्या रुजतात असे आढळले, आणि जिथे एकही जुने झाड उभे नाही अशा मोकळ्या जागीही कासवांच्या विष्ठेतून आबनुसाची रोपे वर येऊ लागली.