परदेशी सेवाभावी संस्थेच्या शाखेचे स्वतंत्र संस्थेत रूपांतर

परदेशातील मुख्यालयाच्या हुकमाने चालणारे देशातले कार्यालय बंद करून तेच काम, बहुधा त्याच कर्मचाऱ्यांसह, त्या देशाच्या कायद्याखाली नोंदलेल्या आणि स्वतःचे नियामक मंडळ असलेल्या संस्थेकडे सोपवणे. सरकारी राष्ट्रीयीकरणाशी याचा संबंध नाही.

नोंदणी आणि मंडळ बदलले म्हणजे संस्था स्वतंत्र झाली, असे मानले जाते. ते अपुरे आहे. पैसा कोठून येतो आणि तो थांबवण्याचा अधिकार कोणाकडे राहतो, यावरून स्वातंत्र्य जोखावे लागते. या दृष्टीने वृद्धांसाठी काम करणाऱ्या हेल्पएज इंडियाचा आरंभ पाहण्यासारखा आहे. ब्रिटनमधील ‘हेल्प द एजेड’चे संस्थापक सिसिल जॅक्सन-कोल १९७४ मध्ये भारतात आले असता सॅमसन डॅनियल यांनी दिल्लीत अशीच संस्था काढण्यासाठी त्यांच्याकडे मदत मागितली. जॅक्सन-कोल यांनी तेव्हा पैसे दिले नाहीत; देणग्या कशा जमवाव्यात याचे शिक्षण देऊ केले. डॅनियल पतिपत्नी लंडनला तीन महिने शिकून आले आणि त्यांनी दिल्लीत शाळकरी मुलांची निधी-पदयात्रा काढली. मुले चालली, लोकांनी पैसे दिले. पुढच्याच वर्षी मुंबई, चेन्नई आणि कोलकात्यासाठी माणसे नेमता आली. एप्रिल १९७८ मध्ये संस्था नोंदली गेली आणि तीनच महिन्यांत ब्रिटनची आर्थिक मदत थांबून ती स्वायत्त झाली. देणगीदार आधी आणि नोंदणी नंतर, हा क्रम फार थोड्या संस्थांच्या वाट्याला आला आहे.

जॅक्सन-कोल ऑक्सफॅम या ब्रिटिश मदत संस्थेच्या संस्थापकांपैकी होते आणि १९७२ मध्ये ॲक्शनएड ही मदत संस्थाही त्यांनीच सुरू केली. ब्रिटनमधील ८८ देणगीदारांनी भारत आणि केनियातील १२९ मुलांचा भार उचलावा, अशी तिची सुरुवात होती. पुढे ॲक्शनएडने आंतरराष्ट्रीय सचिवालयच जोहान्सबर्गला नेले आणि देशोदेशीच्या शाखांना महासंघाच्या सदस्य संस्था करण्याचे धोरण धरले. थायलंडमध्ये कंबोडियन निर्वासितांसाठी आलेल्या ‘केअर’ या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेच्या कार्यालयातून १९९७ मध्ये रक्स थाई प्रतिष्ठान उभे राहिले. अशा संस्था जुने नाव आणि बोधचिन्ह वापरत असतील, तर ते सहसा कराराने मिळालेले असते. करार मोडला की नाव जाते.

भारतात नवी संस्था सार्वजनिक न्यास, १८६० च्या कायद्याखालील सोसायटी किंवा ना-नफा कंपनी (कंपनी कायद्याचे पूर्वी कलम २५, आता कलम ८) म्हणून नोंदवता येते. महाराष्ट्रात सोसायटीलाही १९५० च्या न्यास कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते. विश्वस्त बदलला की बदल अर्ज द्यावा लागतो आणि न्यासाची जमीन वा इमारत आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. म्हणून एकदा न्यासाच्या नावावर चढलेली मालमत्ता मुख्यालयाला सहजी परत घेता येत नाही. हे संरक्षण मोलाचे आहे.

कर्मचाऱ्यांचा प्रश्न मात्र अनेकदा शेवटी विचारात घेतला जातो. मालक बदलतो, मागची नोकरी सलग धरली जाईल असे लेखी ठरले नसेल, तर सहसा पाच वर्षांच्या सलग सेवेवर मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होण्याचा धोका असतो. वाहनचालक, शिपाई आणि गावपातळीवरचे कार्यकर्ते यांना याची झळ अधिक बसते, कारण हंगामी करारांवर असतात ते बहुतेक हेच लोक.

भारतीय नोंदणीमुळे परकीय देणगीचा कायदा टळत नाही. हा कायदा प्रथम १९७६ मध्ये झाला. २०१० च्या नव्या कायद्याने परदेशी निधी घेण्यासाठी लागणाऱ्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण आवश्यक केले. ऑक्सफॅमच्या वेगवेगळ्या देशांतील संस्थांची भारतातली कामे एकत्र करून २००८ मध्ये ऑक्सफॅम इंडिया ही भारतीय संस्था स्थापन झाली. तरी नूतनीकरण नाकारले गेल्याने १ जानेवारी २०२२ पासून तिला परदेशी निधी घेता येईना. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने परकीय निधीतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली आणि असा निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास पूर्ण बंदी घातली. मुख्यालयाची जागा घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने मोठा निधी आणायचा आणि तालुक्यातल्या लहान संस्थांनी तो प्रत्यक्ष कामाला लावायचा, ही जुनी साखळी त्या दुरुस्तीपासून तुटली.