विलंबित लयीतला तोल

संगीतकार शोपाँचा ई मायनरमधला प्रिल्यूड, म्हणजे पियानोसाठीची छोटी रचना (ऑपस २८, क्रमांक ४, प्रकाशन १८३९) दोन-सव्वादोन मिनिटांत संपतो. डाव्या हातातले स्वरसमूह अर्ध्या-अर्ध्या स्वरानं खाली उतरत जातात, वरची सुरावट बराच वेळ दोन शेजारच्या सुरांतच घोटाळते. असल्या खिन्न, संथ पियानोवर एकटीनं केलेलं बॅले पाहणाऱ्याला सोपं वाटतं. शरीराला मात्र द्रुत नाचापेक्षा हेच जास्त अवघड जातं.

पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायला बॅलेत पॉइंट शूज घालतात. त्यांचं टोक म्हणजे खळीनं चिकटवलेले कापड-कागदाचे थर. सपाट भाग जेमतेम ३-४ सेंटीमीटर रुंद. गुरुत्वमध्य त्याच्या सुमारे १ मीटर वर. तळहातावर उभी काठी तोलावी तसाच हा प्रकार! सावरलं नाही, तर कल दर ०.३ सेकंदाला जवळजवळ २.७ पट होतो. मिनिटाला ५० मात्रा धरल्या तर एक मात्रा १.२ सेकंदांची. तेवढ्यात ०.१ अंशाचा कल ५ अंशांवर जातो. घोट्याच्या जोरावर सावरता येतं ते साधारण १ अंशापर्यंतच. पुढे गुरुत्वमध्य टोकाबाहेर पडतो आणि कंबर वाकवावी लागते, हात फेकावे लागतात. द्रुत लयीत पुढचं पाऊल लगेच पडतं, चूक पुसली जाते. इथे ती सुटका नाही.

त्यात दुसरा पाय आडवा धरायचा. ५० किलोच्या नर्तिकेचा पाय सुमारे ८ किलोचा. त्याचं वजन खुब्यापासून जवळपास ४० सेंटीमीटरवर लोंबतं, तर उचलणारे स्नायू सांध्यापासून काही सेंटीमीटरवरच ओढतात. म्हणून त्यांना पायाच्या वजनाच्या दहापट जोर लावावा लागतो. गुडघा आधी दुमडून मग पाय उलगडला की सुरुवातीचा भार हलका होतो.

पियानोचा सूरही टिकत नाही. हातोडी तारेला काही मिलिसेकंदच टेकते, पुढे नुसती ओसरती आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद. मधल्या-वरच्या सुरांना सहसा तीन तारा असतात. त्या किंचित वेगळ्या कंप पावतात, म्हणून आवाज आधी झपाट्यानं उतरतो आणि मग पातळ शेपटासारखा रेंगाळतो. ठोक्यालाच पाय वर पोचवला, तर उरलेला सेकंदभर नुसती थरथर दिसते. पाय त्या शेपटात पोचला पाहिजे, म्हणजे विरणारा सूर हालचालीत चालू राहतो. खर्जाची आस जास्त टिकते. पाय सावकाश उलगडताना आधार तिचा घ्यावा.

पियानोवादक लय ओढणार असेल, तर त्यानं उचललेल्या पायाकडे नव्हे, खालच्या घोट्याकडे पाहावं. तोल सुटायला लागला की पहिली थरथर तिथेच येते.