जुन्या पिकअपचं पासिंग: तारीख, मोबाईल नंबर आणि मुका हॉर्न

मोंढ्यात सोयाबीन, कापूस, भाजीपाला आणणाऱ्या कितीतरी पिकअप दहा-बारा वर्षांच्या जुन्या असतात. अशा गाडीचं पासिंग, म्हणजे फिटनेस प्रमाणपत्राचं नूतनीकरण, करताना माणसं परत पाठवली जातात ती बहुतेक ठरलेल्या कारणांवरून. इंजिन ठणठणीत, ब्रेक पक्के, टायर नवे, आणि साहेबांनी हॉर्न दाबायला सांगितला की गाडी गप्प. नाहीतर कागदावरचं नाव एकाचं आणि गाडी आणणारा दुसराच.

सगळ्यात महाग पडते ती तारीख. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत नूतनीकरण दोन वर्षांसाठी मिळतं. आठ वर्षं उलटली की एकाच वर्षासाठी. ही आठ वर्षं गाडीच्या पहिल्या नोंदणीपासून मोजायची, तुम्ही ती विकत घेतली तेव्हापासून नाही. मागच्या खेपेला दोन वर्षांचं मिळालं होतं म्हणून यंदाही निवांत राहिलेले लोक हमखास अडकतात. प्रमाणपत्रावर तारीख ठळक छापलेली असते, पण ते डॅशबोर्डच्या कप्प्यात घडी घालून पडलेलं असतं आणि बघतो कोण? मुदत संपल्यानंतर केंद्रीय नियमानं दिवसाला ५० रुपये जादा शुल्क आहे. तीन महिने उशीर म्हणजे साडेचार हजार, मूळ फी वेगळी. ती फीसुद्धा गाडीच्या वयाबरोबर वाढत जाते, म्हणून शेजाऱ्याच्या पावतीवरून अंदाज बांधू नका, अर्ज भरताना जी रक्कम दिसेल तीच खरी. आणि दंडापेक्षा मोठी गोष्ट अशी की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे फिटनेस नसलेली व्यावसायिक गाडी नोंदणी नसल्यासारखीच धरली जाते. त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी कशावर बोट ठेवेल, हे सांगायला नको.

अर्जाचं काम तसं सोपं. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचे, शेवटचे पाच आकडे टाकायचे, फिटनेसची सेवा निवडायची, फी भरायची, तपासणीची तारीख घ्यायची, पावती छापून घ्यायची. तुमच्या भागात स्वयंचलित चाचणी केंद्र सुरू असेल तर गाडी तिथं न्यावी लागते, नाहीतर आरटीओच्या ट्रॅकवर.

गाडं अडतं ते ओटीपीवर. जुन्या गाडीला जोडलेला मोबाईल नंबर कधी पहिल्या मालकाचा असतो, कधी एजंटचा, कधी बंद पडलेल्या सिमचा. मग ओटीपी जातो परभणीला आणि अर्जदार बसलेला असतो जालन्यात. आधी नंबर बदलून घ्या. त्यासाठी नोंदणीची तारीख, इंजिन नंबर, चेसिस नंबर असा तपशील लागतो, आणि आरसी बुकातलं नाव आधारशी जुळत नसेल तर तिथंही अडतं. एजंटचा नंबर तर मुळीच ठेवू नका. नंतर गाडीचं प्रत्येक काम त्याच्या दारातून जातं.

गाडी स्टॅम्पपेपरवर घेतली आणि नाव चढवलंच नाही, हा आपल्याकडचा जुना रोग. नोटरी केलेला करारनामा दाखवून लोक वाद घालतात, पण कार्यालयाला त्या कागदाशी देणंघेणं नसतं. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या लागतात. नोंदणीकृत मालक वारला असेल तर फॉर्म ३१ आणि वारसाची कागदपत्रं. हे काम पासिंगच्या आठवड्यात होत नाही, चार महिने आधी हाती घ्या. विकणारा माणूस तोवर गाठीभेटीतला असला तर नशीब.

बाकीचे कागद: आरसी, चालू विमा, पीयूसी, कर भरल्याची पावती, मागचं फिटनेस. यातला पीयूसी दगा देतो. मार्च २०१७ पर्यंत विकलेल्या बीएस-३ (भारत स्टेज, गाडीच्या धुराचं मानक) गाड्यांचा पीयूसी सहाच महिने चालतो, वर्षभर चालतो तो बीएस-४ आणि पुढच्यांचा. परमिटचा बाऊ कुणी केला तर आरसीवरचं एकूण वजन वाचा. ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला कायद्यानं परमिट लागत नाही. त्याच्या नावाखाली पैसे मागणारे भेटतात, त्यांना आरसी दाखवायची. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवूनच जा.

चेसिस नंबर गंजला असेल तर रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश, एवढ्यावर भागवा. ग्राइंडर लावू नका. आकडे झिजले की खाडाखोडीचा संशय येतो आणि मग पासिंग बाजूलाच राहतं.

आता हॉर्न

केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला नियम ११९ सांगतो की गाडीला आयएस १८८४ या मानकाचा विजेचा हॉर्न हवा, आणि एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा किंवा कर्कश हॉर्न चालणार नाही. म्हणजे गाणं वाजवणारा आणि प्रेशर हॉर्न, दोन्ही बाद. नुसती वायर काढून ठेवल्यानं भागेल असं समजू नका, टाकी-कर्ण्यासकट उतरवून घरी ठेवा.

गंमत बघा, गाडी पासिंगसाठी तयार करतानाच चांगला हॉर्न मरतो. पुष्कळ जुन्या हॉर्नला एकच वायर असते आणि अर्थिंग हॉर्न धरणाऱ्या पट्टीच्या बोल्टमधून बॉडीला मिळतं. पेंटर त्या पट्टीसकट रंग मारतो, अर्थिंग तुटतं. दुसरं, आदल्या दिवशी प्रेशरनं गाडी धुतात आणि हॉर्नच्या तोंडात पाणी शिरतं.

हॉर्न असतो समोरच्या जाळीच्या मागे, रेडिएटरच्या पुढं. तिथं दिसला नाही तर बंपरमागे खालून टॉर्च मारून बघा. चपट्या डबीसारखा, बहुधा दोन, एक जाड आवाजाचा आणि एक बारीक. गाडी दोन-तीन हातांतून आली असेल तर हॉर्न भलतीकडे हलवलेला असतो. मग एकाला बटण दाबायला बसवा आणि टक आवाज येतो का ऐका. तो रिलेचा, म्हणजे बटण दाबल्यावर हॉर्नला वीज जोडून देणाऱ्या छोट्या स्विचचा. टक येत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग स्टिअरिंगमधला संपर्क. टक येतो पण हॉर्न वाजत नाही, तर हॉर्नची वायर काढून तिथं टेस्ट लॅम्प लावा. बटण दाबल्यावर लॅम्प पेटला तर वीज येतेय. दोष हॉर्नचा किंवा अर्थिंगचा. पट्टीखालचा रंग-गंज खरवडा आणि परत वाजवून बघा, बरेचदा एवढ्यावर काम होतं.

तरीही गप्प असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा, बोल्ट काढा, जुना हॉर्न हातात घेऊनच दुकानात जा. पिकअपला १२ व्होल्टचा हवा. ट्रकच्या सामानाचं दुकान असेल तर २४ व्होल्टचा हाती पडायची भीती, तो पिकअपवर नीट वाजणारच नाही. आयएस १८८४ चा उल्लेख बघून घ्या. बसवताना तोंड खाली, म्हणजे पाणी साचत नाही. दोन हॉर्न बसवताना रिले टाळू नका, थेट बटणावर भार दिला की संपर्क जळतो. स्टिअरिंगचं बटण बिघडलंय म्हणून डॅशबोर्डवर दारावरच्या बेलचं बटण ठोकून देणारे वायरमन आहेत. एखादा निरीक्षक चालवून घेईलही, पण त्या भरवशावर तारीख घालवू नये.

रंग आणि धुणं झाल्यावर, ट्रॅककडं निघायच्या आधी, हॉर्न पुन्हा वाजवा. त्याच वेळी इंडिकेटर, वायपर, हँडब्रेक आणि रिफ्लेक्टर पट्ट्या बघून घ्या: पुढं पांढरी, मागं लाल.

इतकं करूनही गाडी नापास झाली तर ‘साहेबांनी नाही म्हटलं’ एवढ्यावर परतू नका. नकाराची कारणं लेखी देणं कलम ५६ नं बंधनकारक आहे. लेखी कारण हातात असलं की तेवढीच दुरुस्ती करून पुन्हा तारीख घेता येते, आणि नकार पटलाच नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं. पास झाली तर गेटबाहेर पडायच्या आधी नव्या प्रमाणपत्रावरची मुदत वाचा आणि मोबाईलमध्ये महिनाभर अलीकडची आठवण लावून ठेवा.