नरांच्या मोजणीतून उलगडलेली गुणसूत्रांची जोडी

बेळगाव-खानापूरकडे टोमॅटो किंवा वांग्याचे रोप उपटल्यावर कधीकधी मुळांवर गाठी दिसतात. त्या करणारा सूत्रकृमी, मेलॉइडोगायनी इन्कॉग्निटा, अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे अंडे किंवा शुक्राणू बनताना गुणसूत्रे निम्मी करणारे विभाजन, करतच नाही. मादी नराशिवाय अंडी घालते. त्या विभाजनात गुणसूत्रांच्या जोड्या कशा जमतात हे कळले ते त्याच्या मातीतल्याच निरुपद्रवी भाऊबंदाकडून, जेमतेम 1 मिलिमीटरच्या सी. एलेगन्सकडून.

अंडे आणि शुक्राणू प्रत्येकी निम्मी गुणसूत्रे आणतात, हे 1883 मध्ये व्हान बेनेडेन यांनी घोड्याच्या जंतात दाखवले होते. पण निम्मी होण्याआधी सजातीय गुणसूत्रे (आईकडून आणि बापाकडून आलेली एकाच जोडीतली दोन) एकमेकांना ओळखतात कशी, हे नुसते पाहून कळणार नव्हते. त्यासाठी बिघाड झालेले कृमी हवे होते.

ते नर मोजून सापडले. सी. एलेगन्समध्ये गुणसूत्रांच्या 6 जोड्या. एक्स हे लिंग ठरवणारे गुणसूत्र: दोन एक्स असले तर उभयलिंगी, एकच असला तर नर. स्वफलनातून नर हजारात एक-दोनच निघतात. 1979 मध्ये हॉजकिन, हॉर्विट्झ आणि ब्रेनर यांनी जास्त नर देणारे म्यूटंट, म्हणजे जनुकात बिघाड झालेले कृमी, वर्णन केले. त्यांतल्या हिम-8 मध्ये सुमारे 37 टक्के नर निघतात, कारण एक्सची जोडी जमत नाही आणि काही अंड्यांत एक्स जातच नाही.

मोजणीत फसगत सहज होते. नराशी संग झालेला कृमीही जवळपास निम्मे नर देतो आणि म्यूटंट वाटतो. म्हणून एल-4 अवस्थेतला (प्रौढ होण्याआधीची शेवटची अळी-अवस्था) एकच कृमी प्लेटवर घ्यावा, 20 अंशांवर ठेवावा, रोज नव्या प्लेटवर हलवावा. न फुटलेली अंडीही मोजावीत: एक्सखेरीज इतर गुणसूत्रे चुकली तर नर वाढत नाहीत, गर्भ मरतात.

पुढे तुकड्यांची अदलाबदल झालेल्या गुणसूत्रांवरून दिसले की ओळखीची जागा प्रत्येकाच्या एकाच टोकाला असते. एक्सच्या त्या टोकाला हिम-8 जनुकाचे त्याच नावाचे प्रथिन बसते, हे 2005 मध्ये कळले. 2006 मध्ये इतर गुणसूत्रांवर बसणाऱ्या तशाच प्रथिनांची भर पडली: झिम-1 (दुसरे, तिसरे गुणसूत्र), झिम-2 (पाचवे) आणि झिम-3 (पहिले, चौथे). ही टोके केंद्रकपटलाला (केंद्रकाच्या आवरणाला) चिकटतात आणि बाहेरचे डायनीन हे ओढणारे प्रथिन त्यांना हलवत राहते. एकच झिम-3 दोन वेगळ्या गुणसूत्रांवर असूनही त्यांची गल्लत होत नाही; म्हणजे केवळ प्रथिनावरून ओळख पटत नाही. आम्हाला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पडताळा अंडे तयार होण्याच्या शेवटच्या टप्प्यात, डॅपी या डीएनए चमकवणाऱ्या रंगाने घ्यावा. निरोगी कृमीत 6 ठिपके दिसतात, सगळ्या जोड्या सुटल्या तर 12, आणि हिम-8 मध्ये बहुधा 7: पाच जोड्या, दोन सुटे एक्स.