दुकान-कारखान्याच्या विम्यातली जादा संरक्षणं: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

२२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. अशा पुरात भिजलेल्या मालाचा हिशेब प्रत्येक दुकानदार मांडतो. पण गाळ उपसायची मजुरी, भिंत-स्लॅब तपासणाऱ्या इंजिनिअरची फी, पर्यायी जागेचं भाडं हे खर्च पॉलिसी घेताना कुणाच्या डोक्यात नसतात. मुख्य पॉलिसी इमारत, यंत्रं, फर्निचर आणि माल यांच्या नुकसानीपुरती असते. बाकीचं जादा संरक्षणातून मिळतं. त्यातलं काही पॉलिसीत आधीच असतं, काही वेगळं मागावं लागतं.

तुमची पॉलिसी कोणती

१ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने लहान व्यवसायांसाठी ठरावीक मसुद्याच्या पॉलिस्या आणल्या. एका ठिकाणच्या सगळ्या मालमत्तेची किंमत ५ कोटी रुपयांपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’, ५ ते ५० कोटी असेल तर ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. त्याच्या वर गेलात की जुनी ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’. इथे पात्रता मालमत्तेच्या किमतीवर ठरते. सरकारी उद्योग नोंदणीच्या, म्हणजे उद्यम प्रमाणपत्रावरच्या ‘सूक्ष्म’शी तिची गल्लत करू नका. किराणा दुकान, कार्यालय, पिठाची गिरणी, यंत्रमागाची शेड, सगळे यात बसतात. गाळा भाड्याचा असेल तर तुम्ही तुमचा माल आणि फर्निचर उतरवायचं. इमारतीचा विमा मालकाने काढायचा.

आधीच आत असलेलं

सूक्ष्म पॉलिसीत वेगळा प्रीमियम न भरता बरंच मिळतं. ढिगारा हलवण्यासाठी दाव्याच्या रकमेच्या २ टक्के, आर्किटेक्ट-इंजिनिअरच्या फीसाठी ५ टक्के, धंदा पुन्हा सुरू करण्याच्या खर्चासाठी १ लाख रुपये. रोकड ५० हजारांपर्यंत, महत्त्वाचे दस्तऐवज ५० हजारांपर्यंत, संगणक प्रोग्रॅम ५ लाखांपर्यंत. प्रक्रियेसाठी तात्पुरता बाहेर पाठवलेला माल साठ्याच्या किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत. वर्षभरात नवं यंत्र घेतलं किंवा बांधकाम वाढवलं तर विमा रकमेच्या १५ टक्क्यांपर्यंत तेही धरलं जातं. माल मात्र यात नाही. पूर किंवा आगीनंतर ७ दिवसांच्या आत त्याच जागेत झालेली चोरीसुद्धा यात येते. एरवीच्या घरफोडीला वेगळी पॉलिसी लागते.

आकडा मांडून बघा. ८ लाखांचा दावा मंजूर झाला तर ढिगाऱ्यासाठी १६ हजार. चिखलाने भरलेल्या तळमजल्याला ट्रॅक्टर-ट्रॉली आणि माणसं लावली की ही रक्कम किती पुरेल याचा अंदाज ज्याने पूर पाहिला आहे त्याला असतो. म्हणून नदीकाठच्या गाळ्यांनी ही मर्यादा वाढवून मिळते का, हे विम्याचा अर्ज देतानाच विचारावं.

दुसरा फटका कमी रकमेच्या विम्याचा. माल-यंत्रं ४० लाखांची आणि विमा ३० लाखांचा असेल तर तूट २५ टक्के होते. १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. त्यापुढे गेलात की पूर्ण २५ टक्के कापून ८ लाखांच्या नुकसानीला ६ लाखच मिळतात. आणि ढिगाऱ्याचे २ टक्के दाव्याच्या रकमेवर असल्याने तेही घटतात. कॅश क्रेडिटच्या, म्हणजे मालावर दिलेल्या खेळत्या कर्जाच्या मर्यादेएवढाच विमा बँकेने काढलेला असतो आणि पॉलिसी बँकेच्या फायलीत पडून असते, तिथे हे हमखास होतं. आधी तिची प्रत मागवा.

वेगळं मागावं लागणारं

स्टँडर्ड फायर पॉलिसीत भूकंप, दहशतवाद, आपोआप पेट घेणं, वणवा, भाड्याचं नुकसान, पर्यायी जागेचं भाडं, वाढत्या किमतीसाठी एस्कलेशन (वर्षभरात विमा रक्कम वाढत जाणं) ही ॲड-ऑन, म्हणजे जादा संरक्षणं, वेगळी मागावी लागतात. शीतगृहवाल्यांनी वीज बंद पडून माल खराब होण्याचं कलम नीट वाचावं. बेदाण्याचा साठा नुसत्या भारनियमनाने बिघडला तर पैसे मिळत नाहीत. वीज जाण्यामागे आग-पुरासारखं, पॉलिसीत धरलेलं कारण लागतं. माल दोन-तीन गोदामांत फिरत असेल तर फ्लोटर घ्या, त्यात सगळ्या गोदामांना मिळून एकच विमा रक्कम असते. साठा हंगामाप्रमाणे वर-खाली होत असेल तर डिक्लरेशन पॉलिसी विचारा, तिच्यात साठ्याची किंमत वेळोवेळी कळवायची असते. धंदा बंद राहिल्याने बुडालेल्या नफ्यासाठी वेगळी ‘लॉस ऑफ प्रॉफिट’ पॉलिसी असते आणि तिच्यासाठी आगविमा चालू असावा लागतो.

कागदपत्रं

- सही केलेला प्रस्ताव अर्ज
- पॅन आणि केवायसी. जीएसटी, उद्यम किंवा शॉप ॲक्ट नोंदणी
- खरेदीखत किंवा भाडेकरार
- ताजं स्टॉक स्टेटमेंट, यंत्रांची यादी बिलांसह, ताळेबंद
- मोठ्या मालमत्तेला मूल्यांकन अहवाल, असल्यास फायर एनओसी (अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला)
- मागची पॉलिसी आणि आधीच्या दाव्यांची माहिती
- कर्ज असेल तर बँकेचं नाव व शाखा

यंत्रांची किंमत आज नवं घ्यायला लागेल ती लिहा. पुस्तकातली घसारा वजा केलेली नको. कच्चा माल तुमच्या दारात येईपर्यंतच्या खर्चासह धरा.

अर्ज

प्रस्ताव अर्जावर प्रत्येक जागेचा पत्ता गाळा नंबर, गट नंबर, पिनकोडसह द्या. मागच्या गल्लीतलं गोदाम लिहायचं राहिलं तर तिथला माल विम्याबाहेर राहू शकतो. हवी ती ॲड-ऑन नावानिशी आणि रकमेसह लिहून द्या. एजंटला तोंडी सांगितलेलं पुढे कामाला येत नाही. गरज वाटल्यास कंपनी जागेची पाहणी करते, मग कोटेशन देते. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे प्रीमियम आधी जमा व्हावा लागतो, त्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. पॉलिसी हातात आली की पहिलं पान सोडून शेड्यूल, म्हणजे तुमची संरक्षणं आणि रकमा यांचा तक्ता, उघडा. जे कलम तिथे छापलेलं नाही ते तुम्हाला मिळालेलं नाही. चूक दिसली तर लगेच एंडॉर्समेंटसाठी, म्हणजे पॉलिसीतल्या दुरुस्तीसाठी, लेखी अर्ज करा. वर्षाच्या मध्ये वाढवलेलं संरक्षण मंजुरीच्या तारखेपासून पुढेच लागू होतं.

दाव्याच्या वेळी

आधी कळवा, फोटो-व्हिडिओ काढा, मग साफसफाई. भिजलेला माल सर्व्हेअरने (कंपनीने नेमलेला, नुकसान मोजणारा) बघेपर्यंत बाजूला ठेवा. मजुरी, ट्रॉली, इंजिनिअर यांच्या पावत्या तारखेसह घ्या, कारण जादा संरक्षणाचा पैसा त्यांच्यावरच मिळतो. पुराला तलाठ्याचा पंचनामा, आगीला अग्निशमन दलाचा दाखला, चोरीला एफआयआर. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय.

तो पटला नाही तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी जा. तिथून महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर एकल मालकीचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग ५० लाखांपर्यंतच्या वादासाठी विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाऊ शकतात. कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत; वकील लागत नाही, शुल्कही नाही.