रॅम्प, तळमजल्यावरचा वर्ग, लेखनिक: नाशिकच्या दिव्यांग विद्यार्थ्यांनी कॉलेजात अर्ज कसा करावा

वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, दारातच तीन पायऱ्या. मित्र उचलून नेतात, शिपाईकाका मदत करतात आणि वर्ष निघून जातं. तोंडी विनंतीवर असं वर्ष घालवू नका. प्रवेश पक्का झाला की लगेच लेखी अर्ज द्या.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार शासनाच्या अनुदानावर किंवा मान्यतेवर चालणाऱ्या शैक्षणिक संस्थांनी इमारत, परिसर आणि सुविधा दिव्यांगांना वापरता येतील अशा ठेवायच्या आहेत. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयही करून द्यायची आहे. गंगापूर रोडवरचं अनुदानित कॉलेज, म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, गोवर्धनचं मुक्त विद्यापीठ किंवा त्र्यंबक रोडवरचं खासगी विद्यापीठ, हे सगळ्यांना लागू आहे.

अर्ज कोण करू शकतं?

इथे मोठा गैरसमज आहे: ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असेल तर सोयी मागताच येत नाहीत. ४० टक्क्यांची अट आरक्षणाला आहे. सरकारी आणि अनुदानित संस्थांत उच्च शिक्षणाच्या किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि कमाल वयात ५ वर्षांची सूट मिळते, त्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. रॅम्प, वर्गाची जागा, वाचता येईल असं अभ्याससाहित्य या सोयींना टक्केवारीची अट नाही. लेखनिकाबाबतही (परीक्षेत सांगितलेलं उत्तर लिहून देणारी व्यक्ती) सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात हेच सांगितलं. त्यामुळे "तुमचे टक्के कमी आहेत" एवढ्यावरून खिडकीवरून परत फिरू नका. कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. अध्ययन अक्षमता आणि थॅलेसेमियाही त्यांत येतात.

कागदपत्रं

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) किंवा दिव्यांगत्व प्रमाणपत्राची प्रत, बोनाफाईड, कॉलेजचं ओळखपत्र आणि गरज स्पष्ट करणारी डॉक्टरांची चिठ्ठी असल्यास तीही. कार्ड नसेल तर केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही किंवा अंगठ्याचा ठसा देऊन अर्ज करा. तपासणीचं रुग्णालय अर्जातच निवडायचं असतं. सुरगाणा किंवा पेठहून येणाऱ्यांनी त्र्यंबक नाक्यावरच्या जिल्हा रुग्णालयात जाण्याआधी तपासणीचा वार विचारून घ्यावा. एसटीने एवढं अंतर कापून रिकाम्या हाताने परतणं अंगावर येतं. कार्ड यायला वेळ लागत असेल तर पोर्टलवरच्या नोंदणीची पावती जोडून कॉलेजचा अर्ज द्या, थांबू नका.

अर्जात काय लिहायचं?

अर्ज प्राचार्यांच्या किंवा कुलसचिवांच्या नावे करा. समान संधी कक्ष असेल तर एक प्रत तिकडे द्या. "सोयी मिळाव्यात" असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघमच येतं. अडथळा कुठे आहे, त्यामुळे काय करता येत नाही आणि नेमकं काय हवं, हे तिन्ही लिहा. उदाहरणार्थ: "मी व्हीलचेअर वापरतो. तृतीय वर्षाची व्याख्यानं दुसऱ्या मजल्यावर असतात. ती तळमजल्यावर घ्यावीत." वर्ग खाली आणायला टेंडर लागत नाही, वेळापत्रक बदललं की काम होतं. म्हणून तातडीच्या आणि बांधकामाच्या मागण्या वेगवेगळ्या लिहा.

रॅम्प मागताना उताराचं मापही लिहा. केंद्राच्या निकषांप्रमाणे १:१२, म्हणजे ४५ सेंटिमीटर चढायला निदान ५.४ मीटर लांबी. तीन पायऱ्यांवर दीड-दोन मीटरची सिमेंटची घसरगुंडी ओतून "रॅम्प केला" म्हणणं धोक्याचं आहे. नाशिकच्या पावसात त्यावरून एकट्याने चढणं तर अशक्यच. दोन्ही बाजूंना कठडा आणि न घसरणारा पृष्ठभागही मागा. दृष्टिबाधितांनी लिफ्टमध्ये ब्रेल बटणं आणि आवाजी सूचना, तसंच स्क्रीन रीडरला (मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचता येतील अशा नोट्स मागाव्यात. स्कॅन केलेली छायाचित्रं उपयोगाची नाहीत.

परीक्षेसाठी वेगळा अर्ज करा, शक्यतो परीक्षा फॉर्म भरतानाच. याच कायद्याच्या कलम १७ मध्ये जादा वेळ आणि लेखनिक दोन्हींचा उल्लेख आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं भरपाई वेळ आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

दोन प्रती घेऊन जा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. पोच नसेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही.

उत्तर आलं नाही तर?

लेखी स्मरणपत्र द्या. सरकारी आणि अनुदानित संस्थेत १० रुपयांच्या शुल्कासह माहिती अधिकाराचा अर्ज करून परिसराच्या सुगम्यता तपासणीचा (दिव्यांगांना तो वापरता येतो का, याची तपासणी) अहवाल मागता येतो. त्याचं उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. "इमारत जुनी आहे" हे कारण ऐकून घेऊ नका. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला कायद्याने नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली.

तरीही हालचाल नसेल तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. चौकशीसाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की संबंधित प्राधिकरणाला तीन महिन्यांत केलेली कारवाई कळवावी लागते. तक्रारीला अर्जाची पोच, स्मरणपत्राची प्रत आणि अडथळ्याचे तारखेसह फोटो जोडा.