व्हिडिओ कॉम्प्रेशन मानके : अंमलबजावणीतील अडचणी

दाबून लहान केलेली व्हिडिओची माहिती पुन्हा कशी उलगडायची, याचे सर्वमान्य नियम म्हणजे व्हिडिओ कॉम्प्रेशनची मानके होत. १९२०×१०८० बिंदूंचे आणि सेकंदाला २५ चौकटींचे (फ्रेमचे) ८-बिट चित्र, रंगाचे नमुने आधीच कमी करून घेतले तरी, न दाबता पाठवण्यास सेकंदाला सुमारे ६२२ मेगाबिट लागतात. एच.२६४ (२००३), एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी (२०१३) आणि एच.२६६ म्हणजेच व्हीव्हीसी (२०२०) या प्रत्येक पिढीने तोच दर्जा आधीच्या साधारण निम्म्या बिटांत देण्याचे उद्दिष्ट ठेवले.

हे काम किती अवघड आहे, ते बडोद्याच्या नवरात्रातील गरब्याच्या चित्रणात स्पष्ट दिसते. मधल्या मंचाभोवती हजारो माणसे एकाच वेळी गोल फिरत असतात आणि चणियाचोळीवरचे आरसे क्षणोक्षणी चमकून विझतात. एन्कोडर, म्हणजे चित्र दाबणारी यंत्रणा, मागील चौकटीतले ठोकळे (बिंदूंचे चौकोनी गट) सरकवून पुढच्या चौकटीचा अंदाज बांधतो, परंतु एच.२६४ आणि एचईव्हीसी यांना ठोकळा फक्त सरळ सरकवता येतो, वळवता येत नाही. त्यामुळे फिरणाऱ्या घेराचे बारीक तुकडे करून प्रत्येकाची दिशा वेगळी नोंदवावी लागते, आणि बिटांची मर्यादा आली की नाचणाऱ्यांचे चेहरे चौकोनांत फुटतात. व्हीव्हीसीने ठोकळ्याच्या दोन किंवा तीन कोपऱ्यांच्या गतीवरून वळणे आणि लहानमोठे होणेही मांडण्याची सोय केली. ही सुधारणा फार मोलाची आहे.

तिची किंमत एन्कोडरला मोजावी लागते. मानक केवळ उलगडण्याची रीत ठरवते. असंख्य पर्यायांतून निवड कशी करावी, हे एन्कोडर बनवणाऱ्यावर सोडलेले असते. एच.२६४ मधील १६×१६ चा मूळ ठोकळा एचईव्हीसीत ६४×६४ आणि व्हीव्हीसीत १२८×१२८ पर्यंत वाढला, तर चौकटीअंतर्गत अंदाजाचे (म्हणजे त्याच चौकटीतल्या शेजारच्या बिंदूंवरून बांधलेल्या अंदाजाचे) प्रकार ९ वरून ३५ आणि पुढे ६७ झाले. सेकंदाला २५ चौकटींच्या थेट प्रक्षेपणात मात्र सरासरी ४० मिलिसेकंदांत एक चौकट हातावेगळी व्हावीच लागते. त्यातच निवडलेली माहिती कमीत कमी बिटांत लिहिण्याच्या सीएबीएसी या शेवटच्या टप्प्यात प्रत्येक बिट आधीच्या बिटांवर अवलंबून असल्याने ते काम अनेक प्रोसेसरांत सहज वाटता येत नाही.

घरातली अडचण निराळी असते. बडोद्याच्या दांडिया बाजारातील एखाद्या कुटुंबाने मोबाइलवर एचईव्हीसीत टिपलेली मुंज पेनड्राइव्हवरून जुन्या टीव्हीवर लावली, तर मंगलाष्टके ऐकू येतात आणि पडदा काळाच राहतो; आवाजाचे मानक जुनेच असते, पण चित्र उलगडणारे सर्किट चिपमध्ये कायमचे कोरलेले असल्याने त्यात नवे मानक नंतर घालता येत नाही. चित्रण एच.२६४ मध्ये बदलून घेता येते, मात्र दुसऱ्यांदा दाबताना थोडा दर्जा जातोच.

एचईव्हीसीच्या पेटंटचे परवाने अनेक गटांत विखुरल्याने खर्चाचा अंदाज करणे कठीण झाले. रॉयल्टीमुक्त मानकासाठी २०१५ मध्ये अलायन्स फॉर ओपन मीडिया ही कंपन्यांची संघटना स्थापन झाली व २०१८ मध्ये तिचे एव्ही१ हे मानक आले. परिणामी एकाच गरब्याच्या एच.२६४, एचईव्हीसी आणि एव्ही१ अशा तीन प्रती प्रसारकाला ठेवाव्या लागू शकतात.